क्लीनर साइडचा आवाज

मुलाच्या गाडीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नाशिकच्या वडाळा नाक्याला चाचांच्या गॅरेजात होतो आणि गाडी जर्मनीत. चाचांनी माझा फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, शेजारी कॉम्प्रेसर चालवणाऱ्या पोराला हातानंच थांबवलं आणि डोळे मिटले. तंबोरा लागलाय की नाही ते ऐकणाऱ्या बुवांसारखे. नऊ सेकंदांची क्लिप, ती त्यांनी चार वेळा ऐकली. मग फोन शर्टाला पुसून परत देत म्हणाले, "शॉकअप नाही साहेब. स्टॅबिलायझरचं रबर गेलंय. क्लीनर साइडचं."

या 'क्लीनर साइड'नं पुढे घोळ घातला, पण तो पुढे.

मुलगा असतो स्टुटगार्टजवळ. ('श्टुट', बाबा, 'श्टुट'. असेल.) नाशिककराला ते गाव म्हटलं तर शेजारचंच. त्र्यंबक रोडवर मायको सर्कल आहे. त्यातली मायको म्हणजे स्टुटगार्टच्या बॉशची इथली कंपनी. २००८ साली कंपनीनं रीतसर बॉश हे नाव घेतलं, सर्कलनं काही घेतलं नाही. आजही रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' म्हणून बघा, तो तुम्हाला पाहुणा समजेल आणि भाडं तुमच्या कपड्यांकडे बघून सांगेल.

तर ज्या गावात मर्सिडीज आणि पोर्शे घरच्या घरी तयार होतात, तिथे आमच्या चिरंजीवांनी घेतली ती २०११ सालची, सेकंडहँड, डाचिया नावाच्या कंपनीची गाडी. फोटो आला. मी चष्मा पुसून परत पाहिला. हा चेहरा तर आपल्या पार्किंगमधला!

माझी गाडी लोगन. २००८ची, डिझेल, रंग एके काळी चंदेरी. महिंद्रा आणि रेनोनं भागीदारीत काढलेली ही गाडी २००७ साली बाजारात आली ती आमच्या नाशिकच्या कारखान्यातून. तिचं माहेर मात्र रुमानिया. रेनोच्या साहेबांना पाच हजार युरोत बसेल अशी गाडी हवी होती. २००४ साली ती डाचियाच्या कारखान्यात तयार झाली आणि मग मॉस्को, तेहरान, मोरोक्को, नाशिक असे संसार थाटत फिरली. काटकसर तरी किती? दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले; डावा उजवीकडे लावा, बिनतक्रार बसतो. दिसायला पत्र्याची ट्रंक, पण डिकी ५१० लिटरची. आमच्याकडच्या लोकांनी तिच्यात द्राक्षांच्या पेट्यांपासून लग्नातल्या भांड्यांपर्यंत काय काय वाहिलं ते रेनोच्या साहेबांना कळलं तर ते फ्रान्सहून हात जोडतील. २०१० साली भागीदारी मोडली, फ्रेंच मंडळी आपल्या वाटेनं गेली, पोर आमच्याकडे राहिलं. पुढच्या वर्षी त्याचं नाव 'व्हेरिटो' ठेवलं, एवढंच.

म्हणजे मुलानं सात समुद्र ओलांडून गाडी घेतली ती आमच्याच भावकीतली. तो म्हणतो, किंमत बघून घेतली. मी म्हणतो, रक्त ओढ घेतं. हिचं म्हणणं, दोघांनाही चांगली गाडी कशी असते ते माहीत नाही.

फरक एकच. त्याची पेट्रोलवर चालते. स्टुटगार्टनं २०१९पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी घातली आहे, त्यामुळे माझी लोगन हौसेनं तिकडे नेली असती तरी वेशीवरच अडवली असती. इथे मात्र २०२३ साली तिची पंधरा वर्षं भरली तेव्हा पेठ रोडला आरटीओत जाऊन, पाच हजार फी आणि वर हरित कर भरून, तिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मागून आणलं. साहेबांनी चेसिस नंबर पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न उत्तम आहे. बाकी गाडीला कसलाही आवाज येत नाही असं माझं मत आहे. हिचं वेगळं आहे.

मुलाच्या गाडीला आवाज सुरू झाला आणि त्याच सुमाराला तिची तपासणी आली. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीला परीक्षेला बसावं लागतं. लोक तिला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात. पास झालात तर मागच्या नंबरप्लेटवर एक रंगीत गोल चिकटवतात. पुढची परीक्षा कोणत्या महिन्यात तेही त्याच्यावरच असतं, म्हणजे पोलिसालाच काय, समोरच्या शेजारणीलाही गॅलरीतून कळतं. नापास झालात तर दुरुस्ती करून परत दाखवायला एक महिना. मुलगा नापास झाला. शाळेत तो कधी झाला नव्हता, त्यामुळे हिला ते फार लागलं.

कागदावर जर्मन भाषेत रेल्वेच्या डब्यांसारखे जोडलेले शब्द होते. त्यांचा अर्थ निघाला तो असा, की पुढच्या स्टॅबिलायझरच्या रबरात ढिलाई आहे. मी मुद्दाम जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे जर्मनीवाल्यांनीपण तेच काढलं?"

"तेच."

"त्यांनी गाडी वर उचलून बघितली असेल."

"हो, लिफ्टवर घेऊन."

"मग काय," चाचा म्हणाले आणि पाना उचलला.

तिथल्या एका वर्कशॉपनं खर्च सांगितला ६४० युरो. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली आहेत, युरो तेव्हा नव्वदीच्या घरात होता. सत्तावन्न हजार सहाशे हे मला कागदाशिवाय आलं आणि मी खुर्चीत बसलो. चाचा म्हणाले, एवढ्यात मी तुमची लोगन खालून सगळी नवी करून देतो, वर सीटकव्हर. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नव्वदनं गुणू नका बरं. मी कमावतो युरोत, खर्च करतो युरोत." बरोबर आहे. पण त्यानंही गुणलं असणार. परदेशात गेलेला मराठी माणूस पहिली दहा वर्षं दुधाची पिशवीसुद्धा गुणून घेतो, नंतर गुणणं थांबवल्याचं सांगतो.

वर्कशॉपवाल्याची लबाडी नव्हती, हे सांगायला हवं. तो नुसतं रबर बदलणार नव्हता. खालचे आर्म, लिंका, अलाइनमेंट असं सगळं कुटुंबच बदलून वर्षभराची हमी देणार होता. आणि त्यातला मोठा आकडा मजुरीचा होता. रबरांची जोडी तिथेही अकरा युरोला मिळते, घरपोच. महाग आहे तो माणसाचा हात. आपल्याकडे पार्ट तीनशेचा, मजुरी दोनशे, चहा चाचांकडून, आणि वर 'आता आलाच आहात तर' म्हणून ते बॉनेट उघडून बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन देतात, ती हिशेबात नाहीच.

आणखी एक रिवाज. चाचा जुना पार्ट दाखवल्याशिवाय पैसे घेत नाहीत. चिंधीत गुंडाळून ठेवलेला तो झिजलेला तुकडा आपल्या तळहातावर ठेवतात, कुठे घासला, कुठे चिरला ते काळ्या नखानं दाखवतात. आपण 'अरे बापरे' म्हणायचं असतं. त्यानंतर पाकीट काढायचं. डॉक्टरांनी काढलेला मुतखडा बाटलीत घालून दाखवावा, तसंच हे. मुलाला मी विचारलं, तुमच्याकडे दाखवतात का? म्हणाला, बिल दाखवतात.

विश्वास कुणावर ठेवायचा, हाच प्रश्न त्याला सगळ्यात जास्त पडला होता, हे मला हळूहळू कळलं. पैसे नव्हे. तीन वर्कशॉपांत तीन आकडे मिळाले, तिन्ही ठिकाणची माणसं सभ्य, हसतमुख, आणि त्यांतला एकही माणूस त्याच्या गाडीला ओळखत नव्हता. इथे चाचा मला फारसं विचारतही नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मी गिअर बदलला की आतून आवाज येतो, "साहेब, क्लच!" त्यांना माझा क्लच माहीत आहे, माझी पेन्शन माहीत आहे आणि मी कुठल्या आकड्याला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो तेही माहीत आहे. परक्या गावात भाषा शिकता येते, बँकेत खातं उघडता येतं. आपला मिस्त्री मिळायला मात्र गाडी पंधरा-वीस वेळा बंद पडावी लागते.

शेवटी मुलानं ठरवलं, स्वतःच करायचं. तिकडे भाड्याची गॅरेजं असतात. तासाला पंधरा-वीस युरो द्यायचे, लिफ्ट मिळते, पाने मिळतात, अंगमेहनत आपली. चाचांना ही कल्पना पटेना. "म्हणजे गॅरेजवाला नुसता बसून राहतो? आणि गिऱ्हाईक गाडीखाली?" थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हा धंदा चांगला आहे."

त्याआधी खात्री म्हणून त्यांनी आवाज पुन्हा मागवला. "बेटा, गाडी खड्ड्यातून काढ, मग रेकॉर्ड कर."

"चाचा, इथे खड्डा नाही."

"छोटा असेल तरी चालेल."

"छोटापण नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगं लपवतंय काहीतरी, असा चेहरा. मग त्याला एका जुन्या गावातली दगडी फरशीची गल्ली आठवली. तिथे जाऊन, लोकांच्या नजरा चुकवत, त्यानं तीनदा गाडी नेली आणली. सूनबाईंनी शेजारी बसून फोन धरला. खट, खट, खट्-खट. चाचा खूश.

शनिवार ठरला, रविवारी तिकडे ठोकाठोकी केलेली शेजाऱ्यांना चालत नाही. तिथले सकाळचे दहा म्हणजे आमचे दुपारचे दीड. ही तेव्हा नातवाला सांभाळायला तिकडेच होती, तिला कॅमेरामन नेमलं होतं. इकडे मी आणि चाचा स्टुलांवर, मधे टायरवर फोन उभा केलेला, मागे गॅरेजची दोन पोरं. पडद्यावर आधी बराच वेळ हिचा अंगठा दिसला, मग गाडीचं पोट.

चाचा पुढे वाकले. "या अल्ला. ही गाडी समुद्रातून काढली का?"

सगळं तांबूस, पापुद्रे सुटलेलं. तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून गाडीला लागतं, हे मुलानं समजावलं. चाचांनी पोरांना खूण केली, बघून घ्या. नाशिकच्या कोरड्या हवेतल्या माणसाला असा गंज रत्नागिरीच्या गाड्यांचा तेवढा माहीत. "मीठ? रस्त्यावर? फुकट?" असं मागून एक पोरगं पुटपुटलं.

"कुठली बाजू आधी?" मुलानं विचारलं.

"क्लीनर साइड."

"म्हणजे डावी," मीच सांगितलं. ट्रकवरचे क्लीनर कमी झाले, आमच्या लोगनमध्ये त्या जागेवर गेली सोळा वर्षं ही बसते, तरी चाचांच्या लेखी ती क्लीनर साइडच. (हिला अजून त्याचा अर्थ सांगितलेला नाही.) आणि आपल्याकडे ती डावी, यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

डावीकडचे बोल्ट हलेनात. गंज सोडवायचा फवारा मारला आणि वीस मिनिटं थांबायचं ठरलं. तास चालू होता, मुलाचं घड्याळाकडे लक्ष होतं. वेळ काढायला म्हणून मी चाचांना बेर्था बेंझची गोष्ट सांगितली. मागे तिकडे गेलो होतो तेव्हा मर्सिडीजच्या संग्रहालयात ती ऐकली होती. १८८८ सालचा ऑगस्ट महिना. कार्ल बेंझनं मोटार तर बनवली, पण ती लोकांना दाखवायला तो बिचकत होता. बायकोनं त्याला न सांगता दोन पोरांना घेतलं आणि मानहाइमहून पफोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर, म्हणजे आपलं नाशिक-शिर्डी आणि थोडं पुढे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं, चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तेव्हा ते औषधाच्या दुकानातून घेतलं.

"मिस्त्री होती बाई," चाचा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि मजुरी शून्य."

फोनमधून हिचा आवाज आला, "आपल्या फियाटची आठवण झाली."

कसाऱ्याचा घाट, मे महिना, ब्याण्णव किंवा त्र्याण्णव. आमची प्रीमियर पद्मिनी चढावर अर्ध्यात बंद पडायची. पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची. उपाय सगळ्या महाराष्ट्राला पाठ होता. पंचा ओला करायचा, पेट्रोल पंपावर घालायचा आणि वाट बघायची. त्या दिवशी पंचा धरायचं काम मुलाकडे होतं, वय सात. तो रडू नये म्हणून हिनं पर्समधून रावळगावच्या गोळ्या काढल्या. आता वाटतं, एकाच घरचा माल होता तो. कुर्ल्याला मोटारी काढणारे वालचंद हिराचंद आणि आमच्या मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर काढणारेही तेच. गाडी बंद पडली की वाट बघताना चघळायचीही सोय त्यांनी केली होती. तासाभरात गाडी सुरू झाली. खर्च पंचा भिजवायला लागलेलं पाणी.

"बाबा, वीस मिनिटं झाली," मुलगा म्हणाला.

यापुढचं मी फक्त ऐकत होतो. चाचांचा आवाजच बदलला. "बेटा, एकदम सोडायला जाऊ नको, तुटेल. आधी उलटा, थोडा आवळ. आवळ. टक् झालं? झालं ना? आता सोड." झालं होतं. गंजलेला बोल्ट सोडण्याआधी चिमूटभर आवळायचा, हे पस्तीस वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हतं. बँकेत थकीत कर्जदारांवर कधी वापरून बघायला हवं होतं.

क्लॅम्प निघाला, रबर हातात आलं. मुलानं ते कॅमेऱ्यासमोर धरलं. ठणठणीत. काळंभोर, गुबगुबीत, एक चीर नाही.

गल्लीत शांतता.

"साहेब," चाचा सावकाश म्हणाले, "तिकडे ड्रायव्हर कुठे बसतो?"

डावीकडे. पहिली क्लिपही सूनबाईंनीच शेजारी बसून काढली होती, आवाज फोनजवळून येत होता, म्हणून चाचा म्हणाले क्लीनर साइड. ती जर्मनीत उजवी. त्यांचं निदान नऊ सेकंदांत बरोबर होतं, भाषांतर करताना बँकवाल्यानं चूक केली. एक तास संपला, दुसरा सुरू झाला. मुलगा काही बोलला नाही. मोठ्या मनाचा आहे, आईवर गेलाय.

उजवीकडचं रबर खरंच एका बाजूनं लंबगोल झालं होतं. नवं बसवताना त्यानं ग्रीसचा डबा उचलला तसे चाचा ओरडले, "ग्रीस नको! ग्रीसनं रबर फुगतं. साबणाचं पाणी लाव." ही लगबगीनं कुठूनतरी भांडी घासायचं लिक्विड घेऊन आली. कॅमेरा जमिनीवर पडला होता, त्यामुळे पुढची पाच मिनिटं आम्ही चौघांनी छताची ट्यूबलाइट पाहिली. शेवटी चाचांनी बजावलं, गाडी वर असताना बोल्ट शेवटचे आवळू नको, चाकांवर उतरव, वजन येऊ दे, मग आवळ. नाहीतर रबर पिळलेलं राहील. मुलानं उतरवली, आवळले, बाहेर एक चक्कर मारून आला आणि फोनपाशी येऊन काहीच न बोलता नुसता हसला. तसा तो घाटातही हसला होता.

दुसऱ्या तपासणीत गाडी पास झाली. एकूण खर्च: रबरं अकरा, लिफ्ट चाळीस, फवारा आठ. एकोणसाठ युरो आणि फेरतपासणीची फी. गुणत नाही.

त्या महिनाभरात मुलाचा फोन रोज यायचा, तोही मलाच. एरवी 'कसे आहात, जेवलात का, आईकडे द्या' एवढ्यात माझा कोटा संपतो. या वेळी कधी पाऊण तास बोललो, सगळं रबराविषयी. गाडी पास झाल्यावर फोन परत रविवारवर आले. एका रविवारी मीच विचारलं, मागून वगैरे काही आवाज येतोय का रे? म्हणाला, नाही बाबा, एकदम शांत आहे. चांगलंच आहे.

नोव्हेंबरात ही परत आली. बॅगेतून चॉकलेटं निघाली, नातवानं काढलेलं हत्तीचं चित्र निघालं आणि तळाशी मोज्यात कोंबलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यात दोन जुनी रबरं. पिशवीवर मुलाच्या अक्षरात: 'चाचांना दाखवा.'

दुसऱ्याच दिवशी लोगन काढून वडाळा नाक्याला गेलो. चाचांनी हात पुसले. उजवीकडचं रबर आधी घेतलं, दोन बोटांत दाबलं, उजेडात धरलं, वास घेतला.

"अरे बापरे," मी रिवाजाप्रमाणे म्हणालो.

"कसलं अरे बापरे साहेब? याने अजून दोन पावसाळे काढले असते."

मग डावीकडचं घेतलं, ते ठणठणीत. तळहातावर जोखलं, माझ्या लोगनकडे पाहिलं. "येताना गल्लीच्या तोंडाशी तो गतिरोधक लागला ना, तेव्हा तुमची गाडी काय बोलली ऐकलं का?"

मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या सीटवर ही बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता मान डोलावली.

चाचांनी पोत्याचा तुकडा अंथरला, जॅक ओढला आणि गाडीखाली सरकता सरकता पोराला हाक मारली, "ए, साबणाचं पाणी आण रे."